राजीनामा म्हणजे शिक्षा की बाजूला होणं?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नाशिकहून बोलतोय. डिसेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा आहे, थंडी चांगलीच पडलीय, आणि शहरात सगळीकडे महापालिकेच्या तिकिटांची धावपळ चालू आहे. १५ जानेवारीला मतदान. पण आज मला त्या धावपळीवर नाही बोलायचं, निदान लगेच तरी नाही. आज बोलायचंय ते माणिकराव कोकाटे यांच्या राजीनाम्यावर.

गेले आठ-दहा दिवस या विषयावर जिथे जिथे गप्पा निघाल्या, तिथे पहिला प्रश्न एकच होता. ‘मग आता मंत्रिपद कुणाला?’ दुसरा प्रश्न, ‘आमदारकी राहते का जाते?’ तिसरा, ‘याचा फायदा भुजबळांना का भाजपला?’ हे सगळे प्रश्न रास्त आहेत, राजकारणात ते विचारले जाणारच. पण यातला एकही प्रश्न मूळ प्रकरणाबद्दल नाही. ते नेमकं काय होतं, कुणाच्या वाट्याचं काय गेलं, हे विचारणारा माणूस मला फार कमी भेटला. म्हणून आधी तेच बघू.

प्रकरण काय आहे

गोष्ट १९९५ सालची. त्या काळी कमाल जमीनधारणा कायदा होता. शहरातल्या जादा जमिनीवर बिल्डरला बांधकामाची सूट मिळायची, आणि त्या बदल्यात काही सदनिका ठरलेल्या दराने सरकारच्या हातात यायच्या. यातला दहा टक्क्यांचा कोटा मुख्यमंत्र्यांच्या अखत्यारीत. तो कुणासाठी? ज्याचं उत्पन्न कमी आहे, ज्याचं शहरात स्वतःचं घर नाही, त्याच्यासाठी.

कोकाटे आणि त्यांच्या भावावरचा आरोप असा, की कॉलेज रोड परिसरातल्या सदनिका या कोट्यातून घेताना उत्पन्न कमी दाखवलं, घर नाही असं सांगितलं, आणि त्यासाठी खोटी कागदपत्रं दिली. तक्रार केली होती तुकाराम दिघोळे यांनी. दिघोळे म्हणजे सिन्नरचे माजी आमदार, माजी राज्यमंत्री, आणि सिन्नरच्या राजकारणात कोकाट्यांचे प्रतिस्पर्धी. आज ते हयात नाहीत.

कोकाटे यांची बाजूही सांगतो. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून असं की हे राजकीय वैरातून उभं केलेलं प्रकरण आहे. तक्रारदार प्रतिस्पर्धी होता हे खरंच आहे. पण मंडळी, आपल्याकडे पुढाऱ्याविरुद्ध तक्रार करतो कोण? प्रतिस्पर्धीच करतो. सामान्य माणसाची ना तेवढी ताकद, ना तेवढी वर्षं हाताशी. तक्रार कुणी केली यावर ती खरी का खोटी हे ठरत नाही, ते पुराव्यावर ठरतं. आणि पुरावा बघून नाशिकच्या दंडाधिकारी न्यायालयाने २० फेब्रुवारी २०२५ ला दोघा भावांना दोषी ठरवलं. दोन वर्षं कैद, पन्नास हजार रुपये दंड.

१९९५ ते २०२५. तीस वर्षं. ज्या वर्षी हे प्रकरण झालं त्या वर्षी जन्मलेली पोरं आज स्वतः घराचे हप्ते भरतायत. त्या सदनिका ज्या गरजू माणसाला मिळायला हव्या होत्या, तो कोण होता, त्याचं पुढे काय झालं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. म्हणून तर त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

एक वर्ष, तीन प्रसंग

आता या वर्षाची तारीखवार मांडणी करतो, कारण त्यातून एक मजेशीर गोष्ट दिसते. मजेशीर म्हणजे, हसू येण्यासारखी नाही.

प्रसंग पहिला, फेब्रुवारी. राज्याचा कृषिमंत्री फसवणुकीच्या प्रकरणात दोषी ठरला. काय झालं? काहीच नाही. खातं तेच, खुर्ची तीच. सत्र न्यायालयात अपील झालं, ५ मार्चला दोषसिद्धीला स्थगिती मिळाली, विषय संपला.

प्रसंग दुसरा, जुलै. विधान परिषदेत बसलेल्या कोकाट्यांच्या मोबाइलवर पत्त्यांचा डाव दिसतोय, असा व्हिडिओ रोहित पवारांनी समाजमाध्यमावर टाकला. रमी. कोकाटे म्हणाले, मी खेळत नव्हतो, गेम आपोआप समोर आला, मी तो बंद करत होतो. पण व्हिडिओ गावोगाव पोहोचला होता. त्याआधी पीक विमा आणि कर्जमाफीवरून त्यांची शेतकऱ्यांबद्दलची वक्तव्यं गाजलेली होतीच, त्यात ही भर. ३१ जुलैला कृषी खातं त्यांच्याकडून काढून दत्तात्रय भरणे यांना दिलं, आणि कोकाट्यांना क्रीडा खातं मिळालं. त्यावर जे विनोद झाले ते तुम्हालाही आले असतील, मी परत सांगत नाही.

प्रसंग तिसरा, डिसेंबर. १६ तारखेला सत्र न्यायालयाने अपील फेटाळलं, शिक्षा कायम केली. अटकेचं वॉरंट निघालं. कोकाटे मुंबईत रुग्णालयात दाखल झाले. १७ ला खाती काढून अजित पवारांकडे गेली, १८ ला राजीनामा स्वीकारल्याचं अजितदादांनी जाहीर केलं. १९ ला उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती आणि जामीन दिला, पण दोषसिद्धीला स्थगिती द्यायला नकार दिला. म्हणजे आमदारकीवर तलवार तशीच. २२ ला सर्वोच्च न्यायालयाने आमदारकी जाणार नाही एवढ्यापुरती स्थगिती दिली, आणि सोबत अट घातली की लाभाचं पद घेता येणार नाही.

आता हे तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवा. न्यायालयाने फसवणुकीत दोषी ठरवलं, त्याची किंमत शून्य. मोबाइलवर पत्ते दिसले, त्याची किंमत एक खातं. वॉरंट निघालं, त्याची किंमत मंत्रिपद.

यातून काय दिसतं? पद गेलं ते गुन्हा मोठा म्हणून नाही, लाज झाकता येईना म्हणून. फेब्रुवारीतला निकाल कागदावर होता आणि कागद कुणी वाचत नाही. जुलैतला व्हिडिओ प्रत्येकाच्या खिशात होता. डिसेंबरमध्ये पोलिस दारात यायची वेळ आली. म्हणजे आपल्याकडे राजीनामा नैतिकतेच्या घड्याळावर चालत नाही, तो चालतो गैरसोयीच्या घड्याळावर. पक्षाला अडचण व्हायला लागली की वेळ झाली.

कायदा काय म्हणतो

इथे दोन मिनिटं कायद्यावर, कारण याबाबत बराच गोंधळ ऐकू येतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१. त्याच्या आठव्या कलमानुसार दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की आमदार-खासदार अपात्र. पूर्वी एक पळवाट होती. तीन महिन्यांत अपील केलं की अपात्रता थांबायची. १० जुलै २०१३ ला लिली थॉमस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट रद्द केली. तेव्हापासून शिक्षा झाली त्या क्षणापासून अपात्रता. स्थगिती हवी तर ती शिक्षेला मिळून भागत नाही, दोषसिद्धीलाच मिळावी लागते. म्हणून १९ तारखेच्या आदेशानंतर आमदारकी टांगणीला होती, आणि २२ च्या आदेशाने वाचली.

कायदा सगळ्यांना सारखा. पण त्याची अंमलबजावणी? राहुल गांधींना सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ ला दोन वर्षांची शिक्षा दिली, दुसऱ्या दिवशी खासदारकी गेली. काँग्रेसचे सुनील केदार, नागपूर जिल्हा बँक प्रकरण, २२ डिसेंबर २०२३ ला शिक्षा, दोन दिवसांच्या आत आमदारकी गेली. कोकाटे फेब्रुवारीत दोषी ठरल्यावर साधारण दोन आठवडे गेले, तेव्हा कुठे स्थगिती आली. मधल्या काळात विधिमंडळाकडून अपात्रतेची अधिसूचना निघाली नाही. डिसेंबरमध्येही तेच.

मी केदारांची वकिली करत नाही. माझं म्हणणं इतकंच, की विरोधी बाकावरच्या माणसासाठी सरकारी फाइल पळते आणि सत्ताधारी बाकावरच्या माणसासाठी ती चालायलाही तयार नसते, हे नजरेआड करू नका. उद्या सरकार बदललं तरी ही सवय तीच राहील.

नाशिक आणि राजीनामे

आता थोडं मागे जाऊ. नाशिकच्या राजकारणाची गेली वीस वर्षं एका राजीनाम्यातून सुरू होतात, हे तुमच्या कधी लक्षात आलंय का?

२००३ साली छगन भुजबळ उपमुख्यमंत्री होते, गृह खातंही त्यांच्याकडे. तेव्हा गाजत होता तेलगीचा मुद्रांक घोटाळा. त्यातही नाशिक होतंच. खरे मुद्रांक छापतं ते आपल्या नाशिकरोडचं भारत प्रतिभूती मुद्रणालय, आणि तेलगीने बनावट मुद्रांक छापायला जी यंत्रं वापरली, त्यातली काही याच मुद्रणालयाने लिलावात काढलेली जुनी यंत्रं. तपास गृह खात्याच्या जवळ जाऊ लागला. त्यात एका मराठी वाहिनीच्या मुंबईतल्या कार्यालयावर राष्ट्रवादीच्या कार्यकर्त्यांनी हल्ला केला आणि डिसेंबर २००३ मध्ये भुजबळांनी राजीनामा दिला.

भुजबळ तोवर मुंबईचे नेते. माझगावचे. राजीनाम्यानंतर पुढच्याच वर्षी, २००४ ला, ते येवल्यातून उभे राहिले आणि निवडून आले. पुन्हा मंत्री झाले. म्हणजे मुंबईतल्या एका राजीनाम्याने नाशिक जिल्ह्याला पुढच्या दोन दशकांचा सगळ्यात वजनदार नेता दिला! रस्ते, उड्डाणपूल, येवल्याचं बदललेलं रूप, त्यावरचं श्रेय आणि त्यावरची टीका, सगळं त्यानंतरचं.

पुढची साखळी ऐका. २६/११ नंतर आर. आर. पाटलांनी राजीनामा दिला, त्यांच्या जागी डिसेंबर २००८ मध्ये भुजबळ पुन्हा उपमुख्यमंत्री. २०१० ला आदर्श प्रकरणात अशोक चव्हाण गेले, नवं मंत्रिमंडळ आलं, त्यात भुजबळांच्या जागी अजित पवार उपमुख्यमंत्री. २०१२ ला सिंचनाच्या आरोपांवरून अजित पवारांचा राजीनामा, आणि अडीच महिन्यांत ते परत. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात भुजबळ बाहेर, कोकाटे आत. मार्च २०२५ मध्ये मस्साजोगच्या प्रकरणावरून धनंजय मुंडे गेले, त्यांच्या जागी मे महिन्यात भुजबळ आत. आणि डिसेंबरमध्ये कोकाटे बाहेर.

संगीत खुर्ची बघितल्यासारखं वाटतं ना? एकाचा राजीनामा ही दुसऱ्याची संधी, आणि दुसऱ्याचा राजीनामा ही तिसऱ्याची. खेळात माणसं तीच. बाहेर बसलेला माणूस हरलेला नसतो, फक्त थांबलेला असतो.

मग राजीनामा मागायचाच कशाला?

आता तुम्ही म्हणाल, परत येणारच असतील तर राजीनाम्याला अर्थ काय? हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सावकाश बोलतो.

भुजबळांचंच उदाहरण घ्या. मार्च २०१६ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने त्यांना अटक केली. मे २०१८ मध्ये जामीन मिळाला. दोन वर्षांहून जास्त तुरुंग. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र सदन प्रकरणात विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. तुमचं भुजबळांबद्दल मत काहीही असो, खटला उभा राहण्याआधीच दोन वर्षं आत काढायची आणि मग दोषमुक्त व्हायचं, हा काही न्यायाचा आदर्श नमुना नाही.

म्हणजे आरोप झाला की माणूस दोषीच, असं धरून चालता येत नाही. आणि नेमकं म्हणूनच राजीनामा लवकर द्यायला हवा. ऐकायला उलटं वाटेल, पण बघा. शाळेत परीक्षा असते. एखाद्या मास्तरांचा स्वतःचा मुलगा त्या वर्गात असेल तर मास्तर त्याचा पेपर तपासत नाहीत, दुसऱ्याकडे देतात. मास्तर लबाड आहेत म्हणून नाही. निकालावर कुणी बोट दाखवू नये म्हणून. मंत्र्याचं बाजूला होणं तसंच आहे. ज्या सरकारचे वकील तुमच्याविरुद्ध उभे राहणार, ज्या सरकारचे पोलिस तुमचं वॉरंट बजावणार, त्याच सरकारात तुम्ही मंत्री म्हणून बसलेले नसावे. बास. यात गुन्ह्याची कबुली कुठेच नाही.

आपण मात्र राजीनाम्याला शिक्षा करून टाकलंय. विरोधक तो मागतात ते सूड म्हणून, आणि देणारा देत नाही कारण दिला की गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. मग शेवटपर्यंत चिकटून राहायचं, आणि अगदी वॉरंट आल्यावर सोडायचं. बाजूला होण्याची प्रथाच मोडून गेली.

ती होती का कधी? थोडीफार होती. जानेवारी १९८२, बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री. सिमेंटचा कोटा आणि प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध आहे, असा निष्कर्ष मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी काढला. शिक्षा नव्हती. कैद नव्हती. फक्त न्यायालयाचा निष्कर्ष. अंतुले पायउतार झाले. १९८६ मध्ये मुलीच्या एमडीच्या गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले, शिवाजीराव पाटील निलंगेकर गेले. तो काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. दिल्लीच्या श्रेष्ठींचा इशारा होता म्हणून ते गेले, आणि अंतुले पुढे केंद्रात मंत्रीही झाले. पण न्यायालयाचा एक निष्कर्ष मुख्यमंत्र्याला घरी पाठवायला पुरेसा होता. २०२५ मध्ये दोन वर्षांची शिक्षासुद्धा मंत्र्याला दहा महिने हलवू शकली नाही. अंतर केवढं आहे ते बघा.

परत येण्याला माझी हरकत नाही. निर्दोष सुटला, जरूर परत यावं. हरकत आहे ती हिशोब न देता परत येण्याला. अजित पवार २०१२ मध्ये परत आले तेव्हा आधार होता सरकारच्याच श्वेतपत्रिकेचा. म्हणजे पेपरही आपला, तपासणीसही आपलाच.

नाशिकला याचा फटका काय

आता घरच्या गोष्टीवर येतो. या सगळ्यात आपलं काय गेलं?

गेल्या वर्षी मंत्रिमंडळ बनलं तेव्हा जिल्ह्याच्या वाट्याला कृषी खातं आलं होतं. लासलगावचा कांदा, निफाड-दिंडोरीची द्राक्षं, इगतपुरीचा भात, आणि सिन्नरच्या पूर्व भागातली कायमची पाणीटंचाई. या जिल्ह्याला कृषिमंत्री मिळणं म्हणजे केवढी संधी! सात महिन्यांत ती वादात विरून गेली.

भुजबळ परत आल्यावर जिल्ह्यात मंत्री चार. भुजबळ, दादा भुसे, नरहरी झिरवाळ आणि कोकाटे. आणि पालकमंत्री? एकही नाही. जानेवारीत गिरीश महाजनांचं नाव जाहीर झालं, दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली, ती आजतागायत. वर्ष होत आलं. पुढच्या वर्षी ३१ ऑक्टोबरला सिंहस्थाचं ध्वजारोहण आहे. तपोवनातल्या झाडांवरून शहर पेटून उठलंय, रस्ते खोदून ठेवलेत, कोट्यवधींची कामं निघतायत, महापालिकेत मार्च २०२२ पासून प्रशासक. म्हणजे प्रश्न विचारायला नगरसेवक नाही, उत्तर द्यायला पालकमंत्री नाही, आणि मंत्री आपापल्या अडचणीत.

राष्ट्रवादीचं जिल्ह्यातलं बळ मोठं आहे, पंधरापैकी सात आमदार त्यांचे. त्यामुळे कोकाट्यांच्या जागेवर कुणाला घ्यायचं, मराठा का ओबीसी, नाशिकचाच का बाहेरचा, हे गणित आता मुंबईत मांडलं जाईल. ते मांडू द्या. पण मंत्र्यांच्या संख्येवर जिल्ह्याचं वजन मोजायची सवय आपण सोडली पाहिजे. चार होते तेव्हा तरी काय झालं?

विधिमंडळाचंही तसंच. नागपूरचं अधिवेशन १४ डिसेंबरला संपलं, निकाल १६ ला आला. सभागृह चालू असतं तरी दोन्ही सभागृहांत आज विरोधी पक्षनेताच नाही. म्हणजे हा विषय न्यायालयात आणि पक्षाच्या बैठकीतच मिटला. सभागृहात त्यावर एक शब्द नोंदला गेला नाही.

आपल्या हातात काय आहे

शेवटी एक काम सांगतो. फार अवघड नाही.

निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक उमेदवार प्रतिज्ञापत्र देतो. त्यात त्याच्यावरचे गुन्हे, मालमत्ता, शिक्षण, सगळं असतं. विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराचं ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. महापालिकेच्या उमेदवारांनाही ते द्यावंच लागतं. आपल्या महापालिकेत १२२ जागा आहेत, बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे. म्हणजे तुम्हाला चार मतं द्यायची आहेत. चारही उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वाचा. अर्धा तास लागेल. गुन्ह्याच्या रकान्यात काही दिसलं तर लगेच माणूस बाद करू नका. आंदोलनातला गुन्हा वेगळा, फसवणुकीचा वेगळा. पण तो मतं मागायला दारात आला की विचारा, ‘दादा, हे काय आहे?’ उत्तर कसं देतो ते बघा. चिडतो, टाळतो, की सांगतो.

कोकाट्यांवरचा खटला सिन्नरला काही गुपित नव्हता. तरी लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा निवडून दिलं, त्याला लोकांची स्वतःची कारणं होती. कामाचा माणूस, हाकेला धावणारा, अडीअडचणीला उभा राहणारा. मी त्या मतदारांना नावं ठेवणार नाही. पण कामाचा माणूस आणि प्रश्न विचारता येण्याजोगा माणूस, दोन्ही एकाच वेळी मागायला काय हरकत आहे?

प्रकरण अजून संपलेलं नाही. उच्च न्यायालयात पुढची सुनावणी व्हायचीय. तिथे काय लागायचा तो निकाल लागेल, तो आपण याच ठिकाणी, नावं आणि तारखांसकट, पुन्हा घेऊ.

पुढच्या भागात महापालिकेच्या प्रशासकीय काळातल्या कामांवर बोलणार आहे. तुमच्या प्रभागातलं एखादं अडकलेलं काम असेल तर जरूर कळवा, फोटो असेल तर उत्तमच. काळजी घ्या, आणि मतदानाला जा.